गर्दी फिरवणारं भाषण: नाटकातला जमाव वाचायचा कसा, रंगमंचावर उभा करायचा कसा

शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’मधलं अँटनीचं भाषण स्पर्धेसाठी बसवणारे बहुतेक जण पहिलं काम एकच करतात: मधली नागरिकांची वाक्यं कापून टाकतात. मग उरतं ते एक लांबलचक, दणदणीत भाषण. नट सुरुवातीपासून वरच्या पट्टीत जातो, टाळ्या घेतो, आणि ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की हा माणूस छान बोलतो. जमाव नेमका कुठे फिरला, कशामुळे फिरला, हे कळतच नाही, कारण फिरणारी माणसंच काढून टाकलेली असतात.

हा लेख असा प्रसंग करणाऱ्या, बसवणाऱ्या किंवा स्वतः लिहू पाहणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून मुख्यतः तोच प्रसंग घेतो: तिसरा अंक, दुसरा प्रवेश. नाटक 1599च्या सुमारास लिहिलं गेलं. घटना इसवी सनपूर्व 44मधली, रोमचा सत्ताधीश सीझर याच्या खुनानंतरची. खून करणाऱ्यांचा म्होरक्या ब्रूटस आधी लोकांना आपली बाजू पटवतो, आणि मग सीझरचा मित्र अँटनी बोलतो. माझं म्हणणं साधं आहे. असं भाषण वक्ता पूर्ण करतच नाही. तो ते जाणूनबुजून अर्धं सोडतो आणि उरलेलं जमाव पुरं करतो. त्यामुळे अभ्यासाची सुरुवातही जमावाकडून करायची.

1. आधी फक्त जमावाची वाक्यं लिहून काढा

एक कोरा कागद घ्या. वक्त्याचं एकही वाक्य न घेता नागरिक काय काय बोलतात ते क्रमाने उतरवा आणि कोण बोलतंय त्याचा आकडाही सोबत लिहा. संहितेत त्यांना नावं नाहीत. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा एवढंच आहे. म्हणून नट या भूमिका ‘किरकोळ’ समजतात.

आता चौथ्या नागरिकाचा माग काढा. ब्रूटसचं भाषण संपल्यावर तो म्हणतो की सीझरचे चांगले गुण आता ब्रूटसच्या रूपाने मुकुट घालतील. अँटनी व्यासपीठावर चढतो तेव्हा हाच बजावतो की इथे ब्रूटसबद्दल वाईट न बोललेलं बरं. पहिल्या थांब्यानंतर हाच तर्क लढवतो: त्याने मुकुट घेतला नाही, म्हणजे तो महत्त्वाकांक्षी नव्हता हे नक्की. मग मृत्युपत्र वाचा असा आग्रह सुरू करणाराही हाच. आणि अखेर ‘सन्माननीय माणसं’ हे शब्द ऐकून ‘सन्माननीय कसले, गद्दार होते ते’ असं ओरडणाराही हाच.

दहाबारा मिनिटांत एक माणूस एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला. अँटनीने ‘गद्दार’ हा शब्द तोवर उच्चारलेलाही नाही. हा कागद तालमीच्या खोलीत भिंतीवर लावून ठेवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच्या जागा भरण्यासाठी आहेत.

2. भाषणाआधीचा करार शोधा

नाटकातला वक्ता कधीच मोकळ्या मैदानात बोलायला उभा राहत नाही. त्याला परवानगी कोणी दिली, कुठल्या अटींवर दिली, आधी कोण बोललं, हे सगळं मागच्या प्रवेशात ठरलेलं असतं. इथे ब्रूटसच्या अटी स्पष्ट आहेत: आमच्यावर ठपका ठेवायचा नाही, सीझरबद्दल हवं तेवढं चांगलं बोल, आमच्या परवानगीने बोलतोय हे सांग, आणि माझ्यानंतर बोल. कटातला साथीदार कॅसियस तिथेच ब्रूटसला बाजूला घेऊन सांगतो की हे करू नकोस. ब्रूटस ऐकत नाही.

आता पाहा, अँटनी एकही अट उघडपणे मोडत नाही. परवानगीचा उल्लेख तो सुरुवातीलाच करतो. ठपका ठेवत नाही, उलट पुन्हा पुन्हा ‘सन्माननीय’ म्हणतो. अट पाळली जातेय तोवर त्याला अडवणार कोण? शिवाय ब्रूटस स्वतः निघून गेलेला असतो, आणि जाताना लोकांना अँटनीचं ऐकून मगच जा असंही सांगून जातो. शेवटचा शब्द दुसऱ्याला देऊन मैदान सोडणं ही त्याची सर्वांत महागडी चूक.

नटासाठी याचा अर्थ असा: पहिली काही वाक्यं सावधपणे बोला. समोर ब्रूटसचे चाहते उभे आहेत. एक शब्द चुकला तर खाली खेचतील.

3. हरणाऱ्याचं भाषण दुबळं करू नका

दिग्दर्शकाला मोह होतो, ब्रूटसला कोरडा, पुस्तकी करून टाकण्याचा. मग अँटनी जिंकतो त्यात नवल काय? ब्रूटसचं भाषण गद्यात आहे, पण घडीव गद्यात: तोललेली वाक्यं, एकासमोर एक ठेवलेली विधानं. माझं सीझरवर प्रेम कमी नव्हतं, रोमवर जास्त होतं. मग तो असे प्रश्न टाकतो की उत्तर देणारा आपसूक नालायक ठरावा: गुलाम व्हायला आवडेल इतका हीन कोण आहे इथे? असल्यास बोला, मी त्याचा अपराधी. आणि उत्तरासाठी थांबतो. ‘कोणी नाही’ असंच उत्तर येणार.

हे भाषण चालतं. लोक जयजयकार करतात. त्यातच तिसरा नागरिक ओरडतो की यालाच सीझर करा. ज्या एकाधिकाराविरुद्ध खून केला, तीच गादी लोक खुन्याला देऊ करतात! माणूस पटला, मुद्दा कोणाच्याच डोक्यात शिरला नाही. या आरोळीवर ब्रूटसच्या चेहऱ्यावर काय उमटतं, हे तुमच्या प्रयोगाने ठरवायलाच हवं. संहितेत तो त्यावर काही बोलत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. ब्रूटस हाक मारताना रोमनांना आधी घेतो, जिवलगांना शेवटी. अँटनी मित्रांपासून सुरुवात करतो.

ब्रूटसच्या भाषणात एका गोष्टीचा पत्ताच नाही: पुरावा. सीझर महत्त्वाकांक्षी होता हे तो सांगतो, दाखवत नाही. अँटनी नेमका त्या मोकळ्या जागेत पाय ठेवतो.

4. पालुपद कसं फिरतं ते वाक्यागणिक पाहा

इथे वेळ घालवा. सगळ्या प्रसंगाचा सांधा इथे आहे.

भाषणाच्या पहिल्या तुकड्यात ‘ब्रूटस सन्माननीय माणूस आहे’ हे विधान चारदा येतं आणि विधानांच्या मध्ये सीझरच्या गोष्टी ठेवलेल्या असतात. सीझरने युद्धकैदी आणले, त्यांच्या खंडणीने सरकारी तिजोरी भरली. गरीब रडले तेव्हा सीझरही रडला. लुपरकालच्या सणात मी त्याला तीनदा मुकुट देऊ केला, त्याने तीनदा नाकारला. अधूनमधून तोच आरोप येतो, ब्रूटसच्या तोंडचा, आणि मागोमाग तेच प्रशस्तिपत्र.

यातली एकही गोष्ट कोर्टात टिकणारी नाही. रडणारा माणूस महत्त्वाकांक्षी नसतो असं कोणी सांगितलं? मुकुट नाकारणं हा देखावाही असू शकतो. नाटकाच्या पहिल्याच अंकात पुढे कटात सामील होणारा कास्का सांगतो की सीझरने तो प्रत्येक वेळी नाखुशीनेच दूर सारला. पण या गोष्टी तिथल्या लोकांनी पाहिलेल्या आहेत. ‘तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय’ हे शब्द तो मुद्दाम वापरतो. तर्क लंगडा आणि साक्षीदार समोरच हजर, अशी ही जोडणी आहे.

आता नटाचं काम. पालुपद चारही वेळा उपरोधाने म्हणणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग. पहिल्याच वेळी डोळा मारलात तर फिरायला काही उरत नाही, आणि समोरचा जमाव बावळट ठरतो. मी सुचवतो ते असं: पहिल्यांदा अगदी मनापासून, अट पाळतोय म्हणून. दुसऱ्यांदा तितक्याच सरळपणे. तिसऱ्यांदा स्वतःलाच प्रश्न पडल्यासारखं. चौथ्यांदा घाईने, जणू ते वाक्य आता अडचणीचं झालंय. उपरोध तुमच्या आवाजात न येता ऐकणाऱ्याच्या मनात तयार झाला पाहिजे. सूर कधी बदलायचा हे ठरवायला भिंतीवरचा कागद पाहा: लोक अजून बदललेले नाहीत, तर तुम्हीही बदलू नका.

तालमीत एक प्रयोग करून पाहा. जमावातल्या नटांना अँटनीकडे पाठ करून उभं करा. ज्याला खरोखर वळून पाहावंसं वाटेल त्यानेच वळायचं. अँटनी जोरात ओरडला तर कोणी वळत नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत दिसून येतं.

5. थांबे मोजा, आणि ते कोणासाठी आहेत ते ठरवा

पहिल्या तुकड्याच्या शेवटी अँटनी म्हणतो की माझं काळीज तिथे शवपेटीत सीझरपाशी आहे, ते परत येईपर्यंत मला थांबलं पाहिजे. आणि थांबतो. या थांब्यातच जमाव पहिल्यांदा आपसात बोलतो: याच्या बोलण्यात तथ्य आहे, सीझरवर अन्याय झालाय. दुसरा नागरिक म्हणतो, बिचाऱ्याचे डोळे रडून लाल झालेत.

अश्रू खरे की खोटे? संहिता सांगत नाही, आणि प्रयोगानेही सांगू नये असं माझं मत आहे. नटाने प्रेक्षकांकडे पाठ करावी. डोळे लाल झाल्याची बातमी दुसऱ्या नागरिकाकडून यावी. प्रेक्षकाला अश्रू दिसले नाहीत तर तोही जमावासारखा ऐकीव गोष्टीवर विसंबतो.

हा थांबा आणि ब्रूटसचा थांबा शेजारी ठेवून पाहा. ब्रूटस थांबतो ते ठरलेलं उत्तर वसूल करायला. अँटनी थांबतो आणि लोकांना एकमेकांशी बोलू देतो. माणसाला शेजाऱ्याच्या तोंडून ऐकलेली गोष्ट वक्त्याच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टीपेक्षा जास्त पटते.

6. वस्तूंचा क्रम लावा

शब्दांनी जमीन तयार झाली की वस्तू बाहेर येतात: मृत्युपत्र, मग झगा, मग प्रेत, आणि पुन्हा मृत्युपत्र.

शेक्सपिअरने हे कथानक प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्ककडून घेतलं, थॉमस नॉर्थच्या 1579च्या इंग्रजी भाषांतरातून. ब्रूटसच्या चरित्रात प्लुटार्क आधी मृत्युपत्र सांगतो आणि नंतर रक्ताळलेला झगा. नाटककाराने मृत्युपत्र दाखवून परत खिशात घातलं आणि वाचन पार शेवटी ढकललं. एवढ्या एका बदलाने प्रसंगाला ताण मिळाला. अँटनी म्हणतो, यात काय आहे ते कळलं तर तुम्ही वेडे व्हाल, म्हणून वाचत नाही. त्याच दमात सांगतो की तुम्ही त्याचे वारस आहात हे तुम्हाला न कळलेलंच बरं! वाचणार नाही म्हणत त्यातला मजकूर त्याने सांगून टाकलेला असतो. आता वाचायला लावणारे लोक असतात, तो फक्त ‘नाइलाजाने’ मान्य करतो.

पण तेव्हाही वाचत नाही. प्रेताभोवती कडं करा म्हणतो, आणि विचारतो: मी खाली उतरू का? परवानगी द्याल का? ब्रूटसकडून मिळालेली परवानगी इथे संपते आणि जमावाकडून मिळालेली सुरू होते. हे उतरणं हळू करा. नेपथ्यात उंचवटा ठेवला असेल तर तो याच क्षणासाठी आहे. पायऱ्या नसल्या तर किमान खुर्चीवरून तरी उतरा. सपाट मंचावर हा क्षण मरतो.

झग्याला आधीच भोकं पाडून ठेवा आणि नटाला ती न पाहता सापडतील इतका सराव द्या. तीन जागा नक्की लागतात: कॅसियसची, कास्काची आणि शेवटी ब्रूटसची. बोट भोकातून आरपार गेलं पाहिजे. पुढच्या रांगेला झगा दिसतो, मागच्या रांगेला बोट.

7. खोटं कुठे आहे ते खूण करून ठेवा

झगा हातात घेऊन अँटनी आठवण सांगतो: सीझरने हा पहिल्यांदा घातला ती उन्हाळ्यातली संध्याकाळ, तंबूत, नर्व्ही जमातीवर विजय मिळवला त्या दिवशी. सुरेख तपशील. इतिहासात ती लढाई इसवी सनपूर्व 57मधली, आणि तेव्हा अँटनी सीझरसोबत नव्हता. तो पूर्वेकडे गाबिनियस या रोमन सेनापतीच्या सैन्यात होता. इतिहास सोडला तरी नाटकातच पुरेसा पुरावा आहे. खुनाच्या वेळी कटातल्या ट्रेबोनियसने त्याला बाहेर नेलं होतं. कुठलं भोक कोणाच्या खंजिराचं हे त्याला कळायचा मार्गच नाही. तरी तो नाव घेऊन दाखवतो आणि कोणी विचारत नाही.

मग येतं सर्वांत धडधडीत: मी काही ब्रूटससारखा वक्ता नाही, साधा रोखठोक माणूस आहे. हे तो म्हणतो तेव्हा लोक आधीच जाळा, मारा म्हणत निघालेले असतात आणि त्याने त्यांना परत बोलावलेलं असतं. निघालेल्या गर्दीला परत बोलावून दाखवणं ही त्याच्या ताकदीची खरी खूण आहे. मृत्युपत्र विसरलात की, असं तो आठवण करून देतो आणि वाचतो: प्रत्येक रोमनाला 75 द्राख्मा (चांदीची नाणी), शिवाय टायबरकाठच्या खासगी बागा सगळ्यांसाठी.

नटाने ही खोटी वाक्यं संहितेत पेन्सिलने अधोरेखित करावी आणि ती इतरांपेक्षा जास्त सहजतेने म्हणावी.

8. न जमलेली भाषणंही वाचा

जमाव न फिरवू शकलेले वक्ते बरंच शिकवतात. शेक्सपिअरच्याच ‘कोरिओलेनस’मध्ये नायकाला मतं मिळवायला रिवाजाप्रमाणे साधा अंगरखा घालून लोकांना युद्धातल्या जखमा दाखवायच्या आहेत. तो म्हणतो, जखमा आहेत, पण एकांतात दाखवीन. लोक तरी मतं देतात. मागाहून आपसात बोलताना लक्षात येतं की कोणीच काही पाहिलेलं नाही, उलट त्याने आपली थट्टा केली. मग दोन ट्रिब्यून, म्हणजे लोकांचे प्रतिनिधी, त्यांना मतं मागे घ्यायला लावतात. त्यांचं मोठं भाषण नाही. ते लोकांना काय बोलायचं ते पढवतात, इतकं की गरज पडली तर दोष आमच्यावर ढकला असंही सांगतात. अँटनीने दुसऱ्याच्या जखमा दाखवून मिळवलं, ते कोरिओलेनसने स्वतःच्या झाकून घालवलं.

नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या 1882च्या ‘अॅन एनिमी ऑफ द पीपल’मधला चौथा अंक तर सभेच्या कामकाजाचाच धडा आहे. डॉक्टर स्टॉकमन बोलायला उभा राहण्याआधी अध्यक्ष निवडला जातो आणि त्याने उघडकीला आणलेला, गावच्या स्नानगृहांच्या दूषित पाण्याचा विषय सभेत येऊच नये असा प्रस्ताव येतो. त्याचा पुरावाच बाहेर ठेवला जातो. चिडून तो बहुमत कधीच बरोबर नसतं असा सिद्धांत मांडतो आणि समोरच्यांची तुलना गावठी कुत्र्यांशी करतो. निष्कर्ष त्याने स्वतःच काढला, तोही श्रोत्यांविरुद्ध. लोकांना पुरं करायला काही उरलंच नाही.

अपमान कधीच चालत नाही असं मात्र नाही. ‘ज्युलिअस सीझर’च्या पहिल्याच प्रवेशात मारुलस हा ट्रिब्यून लोकांना ठोकळे, दगड म्हणतो आणि सीझरने हरवलेल्या पाँपीची, त्यांच्या एकेकाळच्या लाडक्या नेत्याची, आठवण देऊन शरमिंदं करतो. ते मुकाट्याने पांगतात. पण पांगणं वेगळं आणि कोणावर तरी चालून जाणं वेगळं. पुढे अँटनी त्याच लोकांना म्हणतो: तुम्ही लाकूड नाही, दगड नाही, माणसं आहात. दोन्ही वाक्यं एकाच गर्दीसमोर ऐकू आली तर प्रेक्षकाला काहीही समजावून सांगावं लागत नाही. म्हणून पहिल्या प्रवेशातले सुतार-चांभार आणि इथले नागरिक म्हणून तेच नट घ्या.

9. जमाव बसवताना

सहा-आठ चांगले नट वीस हौशींच्या गर्दीपेक्षा बरे. प्रत्येकाला तीन गोष्टी ठरवायला लावा: धंदा काय, सीझरकडून कधी काही मिळालं का, आणि कुठल्या वाक्याला मी फिरतो. सगळे एकाच वाक्याला फिरले तर ती कवायत होते. एकाला शेवटपर्यंत न फिरणारा ठेवा. इतर त्याच्याकडे कसे पाहू लागतात तेवढ्यानेच भीती तयार होते.

आरोळ्या एकसुरात नकोत. एका कोपऱ्यातून निघून पसरू द्या, वणवा पसरावा तशा. अँटनीने गोंगाटावर आवाज चढवायचा नाही. गोंगाट विरायला लागला की खालच्या पट्टीत सुरुवात करायची, म्हणजे उरलेले एकमेकांना गप्प करतात. संहितेत नागरिक एकमेकांना शांत राहायला सांगतात ते यासाठीच. प्रेक्षकांमध्ये नट बसवायचे असतील तर ते थोडे आणि मागे बसवा. शेजारचा माणूस अचानक किंचाळला की प्रेक्षक नाटकातून बाहेर पडतो.

10. स्वतः लिहीत असाल तर

आधी जमावाची वाक्यं लिहा, भाषण नंतर. वक्त्याने कुठला एक शब्द उच्चारायचा नाही ते ठरवा आणि तो कोणाच्या तोंडून येईल ते पक्कं करा. त्याला एखादी अट घाला. मनाई नसलेला वक्ता पसरट होतो. पुरावे श्रोत्यांच्या पाहण्यातले हवेत. एक वस्तू दाखवा आणि लगेच देऊ नका. आणि भाषण संपल्यावर वक्ता एकटा सापडेल अशी जागा ठेवा. अँटनी एकटा राहतो आणि म्हणतो की आता आगळीक मोकळी सुटलीय, हवी तिकडे जावो. चौथ्या अंकाच्या सुरुवातीला तोच आपला साथीदार लेपिडस याला सीझरच्या घरून मृत्युपत्र आणायला पाठवतो: त्यातल्या देण्यांना कात्री कशी लावता येईल ते पाहू.

11. सिन्नाचा प्रवेश कापू नका

भाषणाच्या प्रवेशानंतर लगेच येणारा छोटा प्रवेश प्रयोगांतून बऱ्याचदा गळतो. 1937मध्ये अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने न्यूयॉर्कच्या मर्क्युरी थिएटरमध्ये हे नाटक आधुनिक पोशाखात, फॅसिस्ट वातावरणात केलं, तेव्हा हाच प्रवेश सर्वांत गाजला. कटातल्या एकाशी नाव जुळणारा कवी सिन्ना रस्त्यात जमावाला सापडतो. चौघे चार प्रश्न विचारतात: नाव काय, कुठे चाललास, राहतोस कुठे, लग्न झालंय का. आणि उत्तरं द्यायची ती सरळ, थोडक्यात, शहाणपणाने, खरी. सांगताना एकेक जण एकेक शब्द जोडतो. तोललेली, एकामागून एक येणारी वाक्यं आता त्यांच्याही तोंडी आलेली आहेत. तो सांगतो की मी कट करणारा सिन्ना नाही, कवी आहे. मग वाईट कवितांसाठी फाडा याला, असं उत्तर येतं, आणि फाडायची आरोळी पुन्हा चौथ्या नागरिकाचीच.

इथे वक्ता मंचावर नाही. काही दिग्दर्शक अँटनीला मागे, अंधुक उजेडात पाहत उभा ठेवतात. तसं करू नका. तो दिसला की प्रेक्षक सगळा दोष त्याच्यावर टाकून मोकळे होतात. चौथ्या नागरिकाचा नट तोच ठेवा, त्याला पुढे आणा, आणि ‘कोणी नाही’ म्हणताना त्याचा जो आवाज होता, त्याच आवाजात ती आरोळी द्यायला लावा.